हाटकेशचे पिलाटिस

मीरा रोड (पूर्व)
१० डिसेंबर २००७

ति. दादास वासंतीचा नमस्कार.

परवा प्लास्टर काढलं. दवाखान्यातल्या माणसाने करवत लावली तेव्हा मी सगळे देव आठवून घेतले. आतून जो पाय निघाला तो माझा आहे असं मला वाटेचना. डावा शेवग्याच्या शेंगेसारखा आणि उजवा होता तसाच, खांबासारखा. शेजारची मंजुळाबेन सोबत आली होती. ती म्हणाली, "वासंतीबेन, ये तो किसी और का लगता है."

हाड जुळलंय, पण गुडघा नीट वाकत नाही आणि मांडीत जोर म्हणून नाही. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, हे तुला माहीतच आहे. उतरायचं म्हणजे पायरीवर बसायचं, खालच्या पायरीवर सरकायचं, पुन्हा बसायचं, अशी बसत बसत खाली जाते. वर येताना मंजुळाबेन मागून ढकलते. ती माझ्यापेक्षा जाड, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर दोघींना दम लागतो आणि दोघी बसतो. काल जिन्यात बसून आम्ही वाटाणे सोलले.

स्वप्नील रोज बंगलोरहून फोन करतोय. "आई, आज बाथरूममध्ये पडलीस, उद्या गॅलरीत पडशील. फ्लॅट विकून टाकू, तू इकडे ये." मार्चमध्ये येणार आहे, गिऱ्हाईक बघायला. ह्यांनी ही जागा घेतली तेव्हा भोवती मिठागरं होती आणि परळची सगळी माणसं म्हणत होती की जंगलात चाललात. आता इथला भाजीवाला मला नावाने ओळखतो. बंगलोरला मला कोण ओळखणार? स्वप्नील सकाळी ऑफिसला जातो तो रात्री येतो. त्याच्यावर राग नाही, पण माझं घर मला हवंय.

त्यासाठी जिना चढता-उतरता आला पाहिजे. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, माझ्याकडचे दोन-चार व्यायाम घरी करा, पण जोर यायला तुम्ही पिलाटिसकडे जा. सोमवारपासून इथे जवळच हाटकेशला जाणार, आठवड्यातून तीनदा. मंजुळाबेनच्या सुनेच्या मैत्रिणीची कंबर पिलाटिसमुळे इतकी सुधारली की ती आता उंच टाचांच्या चपला घालते. बहुतेक सगळं झोपून करायचं असतं म्हणे, त्यामुळे गुडघ्यावर भार येत नाही. बघू.

वहिनींना नमस्कार.
वासंती


देवरूख
१९ डिसेंबर २००७

चि. वासंतीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. प्लास्टर निघाले हे वाचून बरे वाटले. मात्र पत्राच्या शेवटच्या भागाबद्दल मला खुलासा हवा आहे.

हे पिलाटिस कोण? वसईकडचे आहेत का? त्यांचा दवाखाना आहे की घरीच बघतात? वय काय, कुटुंब आहे का? तू लिहितेस की सगळे झोपून करायचे असते. मी उभी हयात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. झोपून करायचा मला एकच प्रकार ठाऊक आहे आणि त्याला झोप म्हणतात. कुणा परक्या बाईची कंबर सुधारून तिला उंच टाचांच्या चपला घालायला लावणाऱ्या माणसाकडे माझी बहीण आठवड्यातून तीनदा जाणार, हे मला पसंत नाही. भाऊजी गेल्यापासून तू एकटी राहतेस. अशा वेळी माणसाने अधिक जपून राहावे.

व्यायामच करायचा तर मी सांगतो तो कर. पहाटे उठून कोमट तेलाने पाय चोळावा आणि खिडकीचा गज धरून बैठका माराव्यात. गुडघा दुखला तर दुखू द्यावा. माझ्या हाताखालून शेकडो मुले गेली, एकाचाही गुडघा कुरकुरला नाही. कुरकुरला असला तरी माझ्यासमोर नाही.

स्वप्नील म्हणतो ते अगदीच चूक नाही. पण बंगलोरपेक्षा इथे ये. घर मोठे आहे.

तुझा
दादा

वन्सं, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून कडेला लिहिते. ह्यांनी तुमचं पत्र मोठ्याने दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना "झोपून" या शब्दापाशी आल्यावर माहेरी आलेल्या रसिकाला बाहेर जायला सांगितलं. तिला आता स्वतःची दोन मुलं आहेत. पिलाटिस कोण ते मलाही कळवा. — विमल


मीरा रोड
२ जानेवारी २००८

ति. दादास आणि कडेने वाचणाऱ्या वहिनींस नमस्कार.

दादा, पिलाटिस नावाचे एक जर्मन गृहस्थ होते, ते वारून चाळीस वर्षं झाली. त्यांनी काढलेल्या व्यायामालाच आता पिलाटिस म्हणतात. तेव्हा काळजी नको. शिकवणारी मुलगी संपदा, तिशीची आहे. नाच करायची, तिचाही गुडघा मोडला होता, त्यातून बरी होताना हे शिकली.

क्लास हाटकेशला इंडस्ट्रियल गाळ्यांत आहे. खालच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकतात, वर आम्ही सतरंजीवर पडतो. संपदा सांगते, श्वास घ्या, आणि खालून धडाम्. श्वास सोडा, धडाम्. पहिल्या दिवशी मला दचकूनच घाम फुटला. आता सवय झाली. शनिवारी कारखाना बंद असतो, त्या दिवशी आमचा ताल चुकतो.

व्यायाम कसला, तर बेंबी पाठीच्या कण्याकडे ओढून धरायची आणि ती तशीच ठेवून पाय हळू उचलायचा. इतका हळू की उचलतोय हे पायाला कळता कामा नये. मला वाटलं, ह्यात काय आहे. थोड्याच वेळात पोट थरथरायला लागलं. पोटाला आणि पायाला एकमेकांची ओळख होती हे मला ह्या वयात समजतंय. संपदा म्हणते, जिना पायाने चढत नाही, पोटाने चढता. आता तूच सांग, हे शाळेत कुणी सांगितलं होतं का?

बॅचमध्ये एक बाबाजी म्हणून आहेत. किनाऱ्यावरच्या चौक गावचे कोळी, होडी ओढताना कंबर धरली. बस बदलत बदलत येतात. कुशीवर पडून गुडघे उघडायचे आणि मिटायचे असा एक प्रकार आहे, संपदा त्याला शिंपली म्हणते. ती म्हणाली, "बाबाजीकाका, शिंपली उघडा, हळूच." ते म्हणाले, "बाय, शिंपली अशी उघडत न्हाय. तिला गरम पाण्यात टाकायला लागतं." सगळी बॅच हसली आणि सगळ्यांच्या बेंब्या सुटल्या.

आणखी एक प्रकार आहे, त्याला शंभर म्हणतात. पाठीवर पडून पाय वर, मान वर, आणि हात पंख्यासारखे वरखाली हलवत श्वास मोजायचा. मला अजून निम्मासुद्धा जमत नाही.

मी ट्रॅकपँट घेतली आहे. नंतर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा मीच लिहून टाकते.

वासंती


देवरूख
१४ जानेवारी २००८

चि. वासंतीस आशीर्वाद.

खुलासा मिळाला. गृहस्थ हयात नाहीत हे समजल्याने त्या बाजूची काळजी मिटली.

बाकी व्यायामाबद्दल माझे मत कायम आहे. ज्याला घाम येत नाही आणि ज्याला शिट्टी लागत नाही, तो व्यायाम नव्हे. बेंबी कण्याकडे ओढायला जर्मन माणूस कशाला हवा? दुपारचे जेवण उशिरा झाले की ती आपोआप जाते.

तरीही माणसाने न करता बोलू नये म्हणून त्यातला शंभर हा प्रकार मी स्वतः पडवीत करून पाहिला. विशेष काही नाही. पोरखेळ आहे. माझ्या वयाच्या माणसाला तो अगदी सहज जमतो. तुला जमत नसेल तर तो तुझ्या आळसाचा दोष आहे.

अक्षर जरा हलले आहे, कारण टाक खराब आहे.

दादा

वन्सं, टाक चांगला आहे. हे पत्र पालथं पडून लिहिलंय. परवा हे पडवीत आडवे झाले, पाय वर केले, मान वर केली, आणि तसेच राहिले. मला वाटलं की मोजतायत. मी आत जाऊन भाकऱ्या थापल्या, बाहेर आले तरी तसेच. डोळे मात्र माझ्याकडे वळले. शेवटी बबनला आणि विठूला हाक मारली. त्यांनी ह्यांना बाजल्यासारखं उचलून आत ठेवलं. दोघे ह्यांचेच विद्यार्थी, त्यामुळे हसले नाहीत, पण अंगणाबाहेर गेल्यावर बराच वेळ झाडामागे उभे होते. कंबरेला शेक देतेय. तुम्हाला कळवू नको म्हणून मला बजावलंय. — विमल


मीरा रोड
२९ जानेवारी २००८

ति. दादा, नमस्कार.

शंभर तुला सहज जमला हे वाचून अभिमान वाटला. संपदाला सांगितलं, तर ती म्हणाली, पहिल्याच दिवशी मान उचलून कुणी करू नये, पाठ धरते. मी म्हटलं, आमच्या दादाची धरणार नाही.

दादा, वहिनींना रागावू नकोस. त्यांनी लिहिलं म्हणून मला कळलं. आणि तुझं कळल्यावर माझं लपवण्यात अर्थ नाही. मी बाथरूममध्ये पडले नव्हते. नवरात्रात सोसायटीच्या आवारात गरबा होता. सी विंगच्या बायका म्हणाल्या, मराठी बायकांना गिरकी जमत नाही. मी घेतली. जमली, फक्त थांबता आलं नाही. प्रसादाच्या टेबलावर जाऊन आदळले. तिथून मंजुळाबेनने मला उचललं, ती अजून म्हणते की गिरकी फर्स्ट क्लास होती. स्वप्नीलला हे सांगू नकोस, तो बंगलोरला नेऊन मला खुर्चीला बांधेल.

इथवर गंमत झाली. आता दुसरं लिहिते. गेल्या मंगळवारी मंजुळाबेन गावाला गेली होती, म्हणून मी एकटीच उतरायला निघाले. कठडा धरून, उभ्याने. दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि पाय लटपटला. पडले नाही, पण खाली जाववेना आणि वर चढवेना. तिथेच बसले. येणाजाणाऱ्याला सांगत होते, जरा हवा खातेय. आमच्या जिन्यात हवा कुठली? शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी काही न विचारता हात धरून वर पोचवलं. घरी येऊन मी रडले. मनात आलं, स्वप्नीलचं खरं असेल. आपण उगाच हट्ट करतोय.

दुसऱ्या दिवशी क्लासला जायचंच नव्हतं. पण न सांगता दांडी मारली तर बाबाजी घरी येतात, मासे घेऊन. एकदा एका बाईच्या घरी गेले होते, ती शाकाहारी निघाली. म्हणून मी गेले, बसत बसत उतरून. संपदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, पाय लटपटला तेव्हा तुम्ही श्वास धरला होता का?" आठवून पाहिलं. धरला होता. "आता पायरीवर पाय ठेवताना सोडायचा. घाई नको." त्या दिवशी तिने माझ्याकडून नुसतं एका लाकडी खोक्यावर चढ-उतार करून घेतलं. खालून धडाम् झालं की मी पाऊल टाकायची.

स्वप्नील मार्चच्या पहिल्या रविवारी येतोय. गिऱ्हाईक त्याच दिवशी येणार आहे.

वासंती


देवरूख
११ फेब्रुवारी २००८

चि. वासंतीस आशीर्वाद.

गरब्याचे वाचले. साठीच्या घरातल्या बाईने सी विंगच्या सांगण्यावरून गिरकी घ्यावी, यावर मी काय लिहू?

स्वप्नीलशी फोनवर बोललो. गरब्याचा उल्लेख केला नाही. तू जिन्यात अडकून बसलीस हे वाचून मी निर्णय घेतला आहे. मी स्वतः तिकडे येतो, सामान आवरतो आणि तुला इथे घेऊन येतो. जागेचे स्वप्नील बघेल. यावर चर्चा नको. बावीस तारखेला सकाळी पोचेन. उतरवून घ्यायला कुणाला पाठवू नकोस, मला रस्ता माहीत आहे आणि माझी प्रकृती उत्तम आहे.

दादा

वन्सं, प्रकृती उत्तम नाही. माझ्या जुन्या लुगड्याचा पट्टा करून कंबरेला बांधलाय, वरून सदरा. वाकू नका असं सांगितलंय. ऐकतील असं वाटत नाही. सोबत कुळथाचं पीठ देतेय. सांभाळून घ्या. — विमल


मीरा रोड
५ मार्च २००८

सौ. वहिनींना सप्रेम नमस्कार.

फोनवर मी "दादा मजेत आहे" एवढंच बोलले, कारण दादा शेजारीच होता. आज तो हाटकेशला गेलाय, म्हणून सविस्तर लिहिते. हो, क्लासलाच गेलाय. क्रमाने सांगते.

बावीस तारखेला खालून हाक आली. गॅलरीतून पाहिलं तर दादा, पिशवी खांद्यावर. मला दाखवायला तिन्ही मजले एका दमात चढून आला. दारात आला, बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. क्षणभर मला वाटलं पाया पडतोय.

"दादा, सरळ हो ना."

"होतो."

"कधी?"

"तू आत जा. मी येतो."

मंजुळाबेनने आणि मी त्याला तसाच, काटकोनात, हॉलमध्ये आणला आणि सतरंजीवर कलता केला. त्याला घाम फुटला होता. घरात दुखण्याची गोळी नव्हती. मंजुळाबेनला म्हटलं तुम्ही याच्याजवळ बसा, आणि मी निघाले. केमिस्टकडे उभी राहून गोळ्या मागताना माझ्या लक्षात आलं की मी खाली उभी आहे. बसत उतरले नव्हते. कशी उतरले ते मला अजून आठवत नाही. वर येताना मात्र प्रत्येक पायरी आठवते. श्वास सोडत, कठडा धरत, प्रत्येक मजल्यावर थांबत आले. दारात पोचले तर दादा पडल्या पडल्या म्हणाला, "इतका वेळ?" मला इतकं बरं वाटलं, वहिनी, की मी त्याच्यासाठी शिरा केला.

डॉक्टर येऊन गेले. स्नायू धरलेत, काही मोडलेलं नाही, पडून राहा, म्हणाले. मला घेऊन जायला आलेला दादा माझ्या हॉलमध्ये पडून, आणि त्याचं दूध, गोळ्या, वर्तमानपत्र आणायला मी खालीवर. पहिल्या दिवसांत दोनदा पाय सुजला, संध्याकाळी बर्फ लावून बसायचे. पण पाय मला नाही म्हणाला नाही.

डॉक्टरांनी हालचालीला हो म्हटल्यावर संपदा घरी आली. तो संवाद सांगायलाच हवा.

"सर, श्वास घ्या."

"घेतला."

"आता सोडा."

"सोडला की दुखतं."

"मग कधीपासून धरून ठेवलाय?"

दादा बोटं मोजत म्हणाला, "नोकरीला लागल्यापासून."

तिने त्याला गुडघे दुमडून पाठीवर झोपवलं आणि फक्त कंबर इकडून तिकडे, अगदी बोटभर हलवायला सांगितली. दादा म्हणाला, हा व्यायाम आहे? ती म्हणाली, नाही, ही ओळख आहे. दोन दिवस त्याने तिला उलट उत्तर दिलं, तिसऱ्या दिवशी ती यायच्या आधीच सतरंजी अंथरून तयार. त्यानंतर मी त्याला रिक्षाने क्लासला नेलं. पहिल्याच दिवशी बाबाजींशी वाद. दादा म्हणाला, पाठ अशी सरळ हवी. बाबाजी म्हणाले, "मास्तर, तुमची पाठ सरळ हाय, मंग तुमी हितं कशाला हाय?" आता दोघांचं जमलंय.

आता रविवारचं. सकाळी स्वप्नील आला. दार दादाने पडूनच "लोटलेलं आहे, ये" म्हणून उघडवलं. तो त्या वेळी कंबर वर उचलून पुलासारखा झाला होता. स्वप्नील म्हणतो, मला वाटलं मामाला फिट आली.

"मामा, आई कुठेय?"

"कोथिंबीर आणायला गेली आहे."

"कुठे?"

"बाजारात. कोथिंबीर आणखी कुठे मिळते?"

मी वर आले तेव्हा तो दारात उभा होता. एवढ्यात गिऱ्हाईक आलंच, नवरा-बायको, बोरिवलीहून. हॉलच्या मधोमध दादा. त्यांनी त्याला ओलांडून गॅलरी पाहिली, ओलांडून किचन पाहिलं. बाईंनी विचारलं, पाणी कसं आहे, लिफ्ट होणार आहे का? मी तोंड उघडायच्या आत खालून उत्तर आलं, "पाणी सकाळी येतं. लिफ्ट नाही. मी चांगला धडधाकट माणूस, एकदाच चढून आलो. माझ्याकडे बघून काय ते ठरवा." ते लोक चहा न घेता गेले.

स्वप्नील चिडला. मामा, हे काय? दादा म्हणाला, मी खोटं काय बोललो? मग स्वप्नील माझ्याकडे वळला. म्हणाला, आई, तू एकदा माझ्यासमोर उतरून चढून दाखव. वहिनी, मला इतक्या वर्षांत त्याच्यावर एवढा राग आला नव्हता. पण मी शांतपणे म्हटलं, मी परीक्षा देणार नाही. दूध संपलंय, ते आणायला मी जातेय, तुला यायचं तर ये. आला. सगळा जिना माझ्यामागे दोन्ही हात पसरून उतरला, कोंबडी पकडायला निघाल्यासारखा. वर येताना दुसऱ्या मजल्यावर मी थांबले, तर तो धापा टाकत होता. कॉम्प्युटरसमोर बसून त्याची पोरसवदा पाठ माझ्यापेक्षा वाकलीये. तिथे पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, माझं लक्ष कामात लागत नाही गं, तू इथे एकटी पडलीस तर." मग राग गेला. मी म्हटलं, रोज सकाळी फोन करत जाईन, आणि वर्षातून दोन महिने तुझ्याकडे येईन, पाहुणी म्हणून. जागा विकायचं त्याने तूर्त सोडलंय.

दादाला पुढच्या आठवड्यात धाडते. वाकताना गुडघे वाकवायचे, हे तेवढं लक्षात ठेवून त्याला आठवण करा.

तुमची
वासंती


देवरूख
१९ मार्च २००८

वासंतीवन्संना विमलचा नमस्कार.

ह्यांच्या पत्रांच्या कडेला लिहायची इतकी सवय झाली की पूर्ण कागद समोर आल्यावर काय करायचं कळत नाही. म्हणून जरा दाटीनेच लिहितेय.

हे सुखरूप पोचले. कंबर पुष्कळ बरी आहे. रोज सकाळी पडवीत सतरंजी घालतात. बबन आणि विठूलाही बोलावलंय, ते येत नाहीत. वाकताना गुडघे वाकवतात आणि मी वाकवले नाहीत तर मला सांगतात.

वन्सं, एक विचारायचं होतं. पिलाटिस हाताचंही करतात का?

रसिकाच्या लग्नाच्या वर्षी मी माळ्यावरून सरपण काढताना शिडी सरकली होती. उजव्या खांद्यावर पडले. लग्नघर होतं, हळद लावली आणि कामाला लागले. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालताना हात मानेकडे नेत नाही, मान हाताकडे नेते. ओले कपडे वाळत घालायला दोरी खाली बांधून घेतलीये. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. कुणाला सांगितलं नाही असं नाही. ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, हात फिरवत जा. मग मी फिरवत गेले.

एवढे महिने तुमचा पाय आणि ह्यांची कंबर मी पाकिटात घालून चिकटवत होते, तेव्हा मनात आलं की हातासाठी कुणाला पत्र लिहायचं असतं? म्हणून तुम्हालाच लिहिलं.

शेजारच्या सरूबाई तुमच्या जवळच्या खारीला लेकीकडे चालल्यात. त्यांच्यासोबत एस.टी.ने तुमच्याकडे निघतेय. महिनाभर राहीन म्हणतेय, जास्त लागलं तर जास्त. ह्यांना भात लावायला शिकवलाय, आमटी येतेच. त्यांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत सांगेन. ट्रॅकपँट मात्र मी घालणार नाही.

विमल


मीरा रोड
१४ एप्रिल २००८

ति. दादास नमस्कार.

वहिनींनी घातलीच. ट्रॅकपँट. वरून माझा लांब कुडता, त्यामुळे काळजी नको.

आधी डॉक्टरांना दाखवलं. सांधा आखडलाय, पण सुटेल, वेळ लागेल, म्हणाले. क्लासमध्ये संपदा त्यांना भिंतीसमोर उभं करते आणि बोटांनी भिंतीवर मुंगीसारखं चढायला लावते. पहिल्या दिवशी मुंगी छातीशीच थांबली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नाही. संपदा म्हणाली, काकू, दुखलं की सांगायचं. वहिनी म्हणाल्या, कसं सांगतात? त्यावर बाबाजी पलीकडून म्हणाले, "वयनी, असं," आणि असे काही ओरडले की खालच्या गाळ्यातलं मशीन थांबलं. आता वहिनी सांगतात. हळू, पण सांगतात.

आम्ही दोघी जिना मजेत चढतो. दादा, तू पंधरा दिवसांत ओळ लिहिली नाहीस. रागावलायस का?

वासंती

मी सुखरूप आहे. मागच्या दारी कडवे वाल वाळत घातलेत, ते आत घ्या. — विमल


देवरूख
२२ एप्रिल २००८

सौ. विमल हीस,

लग्नानंतर तुला पत्र लिहायचा प्रसंग कधी आला नाही, कारण तू कुठे गेलीच नाहीस. त्यामुळे मायना काय लिहावा हे सुचेना. दोन कागद फुकट गेले, म्हणून उशीर. राग नाही, असे वासंतीला सांग.

वाल आत घेतले. भात सुरुवातीला लागत होता, आता लागत नाही. कंबर ठीक.

काल बबन आला होता. म्हटले, बस, चहा करतो. साखर सापडेना. मी वरच्या फळीवर पाहिले, काही नाही. त्यावरच्या फळीवर फक्त धूळ. खुंट्या रिकाम्या. मी आपला स्टूल घेऊन शोधतोय. बबन दारात उभा राहून स्वयंपाकघर बघत होता. म्हणाला, "मास्तर, सगळा खाली हाय. वयनींचा हात वर जात नाय काय?"

साखर ओट्याखालीच होती. डबे, मसाले, परात, तुझी पोथी, आरसा, सगळे माझ्या कमरेच्या उंचीला. मला इतकी वर्षे वाटत होते की तुला बसून काम करायची आवड आहे. बबन फक्त चहा प्यायला आला होता.

तो गेल्यावर सुताराला बोलावले. फळ्या खाली घ्यायला सांगणार होतो. मग वाटले, हात जर वर जाणार असेल तर फळ्या खाली कशाला. म्हणून त्याला थांबवले आहे. तो रोज येऊन विचारतो, मी रोज त्याला चहा देऊन परत पाठवतो.

लवकर ये असे लिहीत नाही. संपदा म्हणेल तितके राहा. तुझी मुंगी भिंतीवर कुठवर पोचली, ते दर आठवड्याला खडूने खूण करून मोजत जा आणि मला कळव. कडेला नको, वेगळ्या कागदावर. फळी त्याप्रमाणे ठोकून घेईन.

दशरथ